१२ फुटी गांडूळ बेड: घेण्याआधी काट्यावर ठेवा

गांडूळखत करण्यासाठी शेतीच्या दुकानांत मिळणारा १२ × ४ × २ फुटांचा एचडीपीई (जाड प्लास्टिक) विणीचा बेड (कन्नडमध्ये ‘एरेहुळु गोब्बर’चा, म्हणजे गांडूळखताचा, म्हणून मागितला तरी हाच देतात) दोन-तीन जनावरांच्या गोठ्याला पुरतो. विटांच्या हौदापेक्षा स्वस्त पडतो, हलवता येतो आणि सावलीत तीन-चार वर्षं टिकतो. उन्हात मात्र कापड कडक होऊन तडकतं.

छापलेल्या जीएसएमवर (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) जाऊ नका, बेडचं वजन करा. तळ आणि चार बाजू मिळून ११२ चौरस फूट, म्हणजे साधारण १०.४ चौरस मीटर कापड लागतं. ३४० जीएसएम खरं असेल तर नुसतं कापडच साडेतीन किलो भरायला हवं. अडीच-पावणेतीन किलो भरलं, तर कापड २५० च्या आसपासचं आहे. ओला माल भरला की त्याच्या बाजू फुगतात आणि कोपऱ्यातली शिलाई उसवते.

या बेडची खरी कमजोरी निचऱ्याच्या नळीवरची जाळी. बारीक खताने ती बुजते, तळाला पाणी साठतं, हवा कोंडते, माल आंबतो आणि गांडुळं कडेने वर चढू लागतात. नळीच्या तोंडाशी आतून विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या घाला, बारा फुटांत तीन इंच उतार द्या. बेळगावातल्या खानापूरकडच्या जोरदार पावसात वर छप्पर आणि त्याला लांब वळचण नसेल तर हा बेड घेऊच नये.

बेडबरोबर गांडुळं देताना ‘शेण टाका, खत काढा’ एवढंच सांगतात. तिथेच बहुतेकांचं बिघडतं. गांडुळाला दात नसतात. उसाचं वाळलं पाचट त्याला तसंच खाता येत नाही. आधी त्यावर बुरशी आणि जिवाणू बसतात, ते मऊ करतात, मग गांडूळ ते बुरशीसकट गिळतं. बुरशीलाही एकट्या पाचटावर भागत नाही, कारण त्यात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी थोडं. ते नत्र शेणातून येतं. हेच कच्चं पाचट रानात गाडलं तर जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं.

म्हणून वजनाने सहा-सात भाग ओल्या शेणाला एक भाग तुकडे केलेलं पाचट किंवा भाताचं पिंजर घ्या. पाणी मारून ढीग १५-२० दिवस बाहेर ठेवा, मध्ये एकदा उलथा. ताजं शेण थेट बेडमध्ये टाकलं तर ते तापतं, अमोनिया सुटतो आणि गांडुळं मरतात. ढिगात हात घातल्यावर ऊब लागू नये. पाचटाची एक पात काढून पाहा: आतून पांढरी तंतूंची जाळी धरलेली असेल आणि कडकड न वाजता तुटत असेल, तर माल तयार. दीड फुटापर्यंत भरा, तीन-चार किलो गांडुळं सोडा, वर ओलं गोणपाट टाका. मूठ दाबली की एक-दोन थेंब पडावेत, इतकीच ओल.

निपाणी भागात तंबाखूच्या काड्या आणि चुरा यात अजिबात टाकू नका, निकोटिन गांडुळांना विष आहे. आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांवरचं औषध) टोचलेल्या जनावराचं शेणही काही आठवडे बाजूला ठेवा. ते औषध शेणातून उतरतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. गांडुळांवर त्याची परीक्षा कशाला घ्यायची?

बेडमध्ये वाणी (पैसा किडा) किंवा उड्या मारणारे बारीक पांढरे किडे दिसले की लोक पावडर मारतात. तसं करू नका. ते पाला कुरतडणारे, बुरशी चरणारे, याच कामातले मजूर आहेत. गोम, मुंग्या, उंदीर आणि कोंबड्या यांना मात्र आवरा. मुंग्यांसाठी बेडभोवती पाण्याची चर पुरते.

दोन-अडीच महिन्यांत वरचा थर चहा पावडरसारखा होतो. चार-पाच दिवस पाणी बंद करा, गांडुळं खाली जातात, मग वरचं खत काढा. त्यात लिंबाच्या आकाराचे, मोहरीपेक्षा थोडे मोठे पिवळसर दाणे दिसतील. ती गांडुळांची अंडी, तीन-चार आठवड्यांत फुटतात. तळाचा अर्धा फूट माल न चाळता बेडमध्येच राहू द्या. पुढच्या भरणीला त्याचं विरजण लागतं, आणि गांडुळं पुन्हा विकत घ्यावी लागत नाहीत.