काळ्या रंगाखाली साधी पट्टी: ट्रेलरचे पाटे घेताना झालेली फसवणूक

चिखलदऱ्याला, नवेगावबांधला घरच्यांसोबत मुक्कामी जाता यावं म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून हलका ट्रेलर बांधून घेतला. पाटे, म्हणजे चाकांवर भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या कमानदार पोलादी पट्ट्या, घेण्याआधी गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी सगळं भरलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून जिनिंगच्या काट्यावर नेला, ट्रॉलीचं वजन वजा केलं. भरले ४२० किलो. हा आकडा आणि 'भरल्यावर पाटे ५-६ सेंटीमीटर दबले पाहिजेत' असं कागदावर लिहूनच शहरातल्या दुकानात गेलो. टेम्पोचा कडक पाटा लावला की हलका ट्रेलर रिकाम्या बंडीसारखा उडतो, सामान आणि वेल्डिंग दोन्ही सुटतं.

दुकानदार म्हणे, "नवाच माल हाय भाऊ, धा क्विंटल टाका, हालनार नाई." अरे, हलायलाच तर पाहिजे! मी तसं बोललो, तर त्यानं आतून दुसरा जोड आणला. एका बाजूला चार पाटे, वर चकचकीत काळा रंग. पैसे मोबाइलवरून घेतले, हातात कच्ची चिठ्ठी दिली. पक्कं बिल "उद्या टाकतो" म्हणाला, ते आजवर आलं नाही.

परतवाड्याहून घाट चढताना डावं चाक मडगार्डला घासू लागलं. घरी आल्यावर ट्रेलर रिकामा केला, तरी कमान वर येईना, पाटा सपाटच. सेंटर बोल्ट काढून पाटे सुटे केले आणि रंग खरवडला. वरच्या पाट्यावर कानस जेमतेम लागली. खालच्या तिन्हींवर मात्र ती सहज चावली, कीस पडला. मिस्त्री म्हणाला, "हे तं साधी पट्टी हाय ना भाऊ, तापवून वाकवली."

पाट्याचं पोलाद तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा बेताचं तापवतात. म्हणून ते दबून परत येतं. साधं लोखंड त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या ताणालाही कायमचं वाकतं. रंग दिला की दोन्ही सारखेच दिसतात, खोड इथेच आहे.

परत गेलो तर म्हणे एक जाड पाटा वाढवून देतो. हाही चकवाच. पाट्याची जाडी दुप्पट केली की तो आठपट कडक होतो, म्हणजे पुन्हा उडणारा ट्रेलर. पैसे परत द्यायला साफ नकार.

तुम्ही घेणार असाल तर दुकानातच प्रत्येक पाट्याची कड कानशीनं घासून बघा. नको म्हणाला तर उठा. घरी बसवल्यावर गव्हाची पोती रचा, रात्रभर ठेवा, उतरवा, आणि कमानीची उंची आधीच्या मापाशी ताडा. बिलावर 'स्प्रिंग स्टील' आणि किती किलोसाठी ते लिहून घ्या. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. मोबाइलवरचा पैशाचा व्यवहार, ती चिठ्ठी आणि सुटे पाटे मी जपून ठेवले आहेत.