गल्लीतल्या दवाखान्यातनं रक्त-लघवीच्या तपासण्या : सात-आठ महिन्यांचा अनुभव

आमच्यात बाबांना शुगर आणि बीपी, आईला थायरॉईड, त्यामुळं तपासण्या वर्षभर चालूच असतात. आधी ते फोन करून फुल बॉडी पॅकेज विकतात ना, तसलं घ्यायचो. वीस-पंचवीस पानी रिपोर्ट यायचा, त्यातलं निम्मं लाल अक्षरात, आणि ते वाचून सांगायला कोण नाय, मग आई रात्रभर जागी. शेवटी ठरवलं की सगळं कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांच्यातनंच करायचं. दवाखान्याचं नाव टाकत नाय, कारण जे खटकलं तेबी लिहिणार आहे.

सिस्टिम साधी आहे. डॉक्टर चिठ्ठीवर तपासण्या लिहून देतात, सकाळी साडेसात ते नऊ लॅबचं पोरगं दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसतंय, तिथं रक्त द्यायचं, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. घरी बोलवलं तर शंभर रुपये जादा. कटबिट असेल का ही शंका मलाबी होती, सरळच विचारलं. डॉक्टर म्हणाले कुठनंबी करा, फक्त दरवेळी एकाच लॅबमधनं करा, कारण लॅब बदलली की मशीन बदलतंय, नॉर्मलची रेंजबी थोडी इकडंतिकडं होते आणि मागच्या रिपोर्टशी ताडून बघता येत नाही. मी बाहेर रेट विचारून आलो, फार फरक नव्हता, म्हणून तिथंच चालू ठेवलं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे तपासण्या कमी झाल्या. एचबीएवनसी तीन महिन्यांनी, मध्ये करायचीच नाही, कारण ती साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते (रक्तातल्या तांबड्या पेशी १२० दिवसांच्या आसपास जगतात, त्यावर ते बेतलेलं आहे). पॅकेजवाले महिन्याभरातबी परत करा म्हणून फोन करायचे. आईची थायरॉईडची गोळी वाढवली तर टीएसएच (थायरॉईडची रक्ताची तपासणी) सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी करून पैसे घालवायचे नाहीत. बायको केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते, तिचं थायरॉईड करायचं होतं तेव्हा डॉक्टरांनी आधीच त्या गोळ्या दोन-तीन दिवस बंद करायला सांगितल्या, त्यानं बऱ्याच मशीनवर आकडा चुकीचा येतो म्हणे. हे पॅकेजवाल्यांनी कधी विचारलंबी नव्हतं.

पण काउंटरवरच्या ताई मात्र एवढंच सांगतात, "सकाळी उपाशी या." बाबांचं उपाशी म्हणजे जेवण नाही. रंकाळ्याला फेरी मारून येताना गंगावेशीतनं म्हशीचं दूध पिऊन आले, आणि फास्टिंग शुगर दिली! परत करायला लागली. किमान आठ तास काही नको, पाणी चालतं, असं चिठ्ठीवर छापून द्यायला काय जातंय? पीपीचंबी (जेवणानंतरची शुगर) तसंच, दोन तास पहिल्या घासापासनं धरायचे असतात, हात धुतल्यापासनं नाही. आणि पोरगं नऊला निघून जातंय, त्यामुळं पीपीचं रक्त द्यायला लॅबवरच जावं लागतं, ते कोण आधी सांगत नाही. शुगरचं रक्त राखाडी टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात का तेवढं बघत जावा. त्यात फ्लोराइड असतं. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात आणि आकडा कमी येतो.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं सहन करतोय. मध्ये बाबांचं क्रिएटिनिन (किडनीसाठी करतात ती रक्ताची तपासणी) १.४ आलं. रिपोर्टमध्ये त्याखाली ईजीएफआर म्हणून आकडा असतो, किडनी कितपत गाळते त्याचा अंदाज, तो आला ६३. गुगल बघितलं, ६० च्या वर आहे, म्हटलं ठीक. डॉक्टरांनी मोबाईलवर रिपोर्ट उघडला आणि पहिलाच प्रश्न, "काका, तुम्ही ४६ चे कधीपासनं झालासा?" वय ६४, टाकलेलं ४६. आणि इथं वय हा नुसता शोभेचा रकाना नाही, ईजीएफआर क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष यावरनं हिशोब करून काढतात. बरोबर वय टाकून लॅबनं परत काढला तर ५६. तीन महिने ६० च्या खालीच राहिला तर किडनीचा जुना आजार धरतात. म्हणजे एका उलट्या आकड्यानं रिपोर्ट चांगला दिसत होता. मग त्यांनी विचारलं गुडघ्याला काय घेता, तेव्हा कळलं बाबा मेडिकलमधनं परस्पर पेनकिलर आणून रोज खातायत, घरात कुणालाच पत्ता नाही. असल्या गोळ्यांनी किडनीला त्रास होऊ शकतो, म्हणून त्या बंद केल्या, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत उतरणारं प्रोटीन) तपासायला लावलं, ते नॉर्मल आलं. तीन महिन्यांनी परत केलं तर क्रिएटिनिन १.३ आणि ईजीएफआर ६१. डॉक्टर म्हणाले लगेच खूश होऊ नका, काठावरच आहे, परत बघू. माणूस ओळखीचा आणि मागचे कागद समोर, म्हणून हे सापडलं. पीडीएफ नुसती माझ्या मोबाईलवर आली असती तर मी तो ६३ बघून गप बसलो असतो.

आता वाईट बाजू. रिपोर्ट आला तरी तुम्हाला कोण फोन करणार नाही. आईला लघवीची जळजळ होती, कल्चर पाठवलं, त्याला दोन-तीन दिवस लागतात कारण जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघतात. तोवर डॉक्टरांनी अंदाजानं गोळी सुरू केलेली. कल्चरचा रिपोर्ट शनिवारी दुपारी दवाखान्याच्या मोबाईलवर येऊन पडला, तो मोबाईल काउंटरला, डॉक्टर घरी. मी फोन केला तर, "काय असतं तर कळवलं असतं की." सोमवारी उघडला, चालू गोळी त्या जंतूवर चालतच नव्हती. दोन दिवस आई उगंच कळवळत होती. डॉक्टरांनी सॉरी म्हटलं, काउंटरनं नाही.

त्यानंतर लॅबच्या फॉर्मवर मी माझाबी नंबर लिहायला लावतो आणि रक्त घेतानाच पोराला नाव, वय, नंबर मोठ्यानं वाचायला लावतो, त्याला राग येतोय, येऊ दे. रिपोर्ट आला की डॉक्टरांना फॉरवर्ड करून खाली एका ओळीत विचारायचं, दाखवायला येऊ का? उत्तर बहुतेक रात्री दवाखाना सुटल्यावर येतं. आठवड्याच्या आत रिपोर्ट दाखवला तर फी परत घेत नाहीत, पण त्याला वेगळी रांग नाही, सर्दी-तापाच्या पेशंटमध्येच बसायचं. सोमवारी संध्याकाळी तर जाऊच नका. आणि रविवारी लॅबचं पोरगं येत नाही, तवा शनिवारी रात्री उपाशी राहू नका.