विमानतळावर स्टॉल देतो म्हणून १,३८,०६० रुपये नेले: कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांनो, सावध राहा

एक लाख अडतीस हजार साठ रुपये. चपला बांधणाऱ्या चार घरांचा हा पैसा आहे. नवी मुंबई विमानतळावर स्टॉल मिळणार म्हणून आमच्या गटाने तो पाच हप्त्यांत भरला. स्टॉल मिळाला नाहीच, आणि ज्या योजनेच्या नावाने पैसे घेतले ती योजना त्या विमानतळाला लागूच नव्हती. आकडा सुरुवातीलाच लिहिलाय, कारण आपल्याकडे लोक "गेले थोडेफार" म्हणून लाजेने गप्प बसतात आणि टोळी पुढच्या गावात जाते.

हप्ते असे गेले: नोंदणी फी २,३६०, बयाणा रक्कम २९,५००, तीन महिन्यांचं डिपॉझिट ६३,७२०, चौघांचे प्रवेश पास ७,०८०, स्टॉलच्या फर्निचरचा ॲडव्हान्स ३५,४००. प्रत्येक आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. सगळी चावी त्यातच आहे, त्यावर पुढे येतोच.

वेळही नेमकी साधली होती. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि सगळीकडे कोल्हापुरीचा गवगवा सुरू झाला. प्रदर्शनांत वाटलेल्या कार्डांवरचे नंबर कुणालाही मिळतात. अशा वेळी "सरकार स्थानिक कारागिरांना विमानतळावर जागा देतंय" असा फोन आला तर तो खोटा का वाटावा? खोटं बोलणाऱ्याने अर्धं खरंच सांगितलं होतं. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची 'अवसर' नावाची योजना आहे, २०२२ मध्ये सुरू झाली. प्राधिकरणाच्या विमानतळांवर बचत गटांना १०० ते २०० चौरस फुटांची जागा आळीपाळीने १५ दिवसांसाठी देतात. शोधलं की या बातम्या सापडतात, फोटोही सापडतात. पडताळून पाहिलं तरी योजना खरीच निघते. म्हणून आम्हाला कुणी अडाणी म्हणायला येऊ नका.

पण फोननंतर आलेलं पत्र नीट वाचायला हवं होतं. त्यावर विमानतळ प्राधिकरणाचं नाव आणि खाली "नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ, मुदत ११ महिने". नवी मुंबईचा विमानतळ प्राधिकरण चालवत नाही. तो अदानी समूह आणि सिडको यांच्या कंपनीचा आहे. तिथलं दुकान, टपरी, काउंटर, काहीही द्यायचं झालं तर ती कंपनी देईल किंवा तिने नेमलेला ठेकेदार देईल. प्राधिकरणाच्या लेटरहेडवर तिथला स्टॉल वाटला जाणं शक्यच नाही. आणि १५ दिवसांची योजना ११ महिन्यांची कशी झाली? पत्र आलं तेव्हा तिथून प्रवासी विमानंही उडत नव्हती, ती सुरू झाली २५ डिसेंबर २०२५ ला. "पहिल्या बॅचमध्ये घेतोय, म्हणून लवकर भरा" हे त्यावरचं उत्तर तयारच होतं.

कुठला विमानतळ कुणाच्या ताब्यात आहे एवढं कळलं तरी निम्मी फसवणूक टळते. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातला दाबोळी इथे प्राधिकरण आहे. मुंबई आणि नवी मुंबई अदानी, गोव्यातलाच मोपा जीएमआर कंपनीकडे. शिर्डी राज्य सरकारच्या विमानतळ विकास कंपनीकडे. खाजगी विमानतळावर छोट्या स्टॉलसाठी दर वेळी जाहीर टेंडर निघेलच असं नाही, त्यामुळे तिथे "माझी ओळख आहे" म्हणणारे दलाल जास्त.

आता तो जीएसटी. बयाण्याची पावती अजून समोर आहे: २५,००० रुपये, त्यावर केंद्राचा ९ टक्के, राज्याचा ९ टक्के, एकूण २९,५००. खाली स्वच्छ अक्षरात "परत मिळणारी रक्कम". परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागत नाही! कर लागतो तो सेवेच्या मोबदल्यावर. अनामत जोवर भाड्यात किंवा थकबाकीत वळती होत नाही तोवर ती मोबदला नाही. भाड्यावर, परवाना शुल्कावर १८ टक्के लागतो हे बरोबर, पण डिपॉझिटवर नाही. त्यातही पावतीवरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा, आणि जागा महाराष्ट्रात. मग केंद्र आणि राज्य असे दोन तुकडे कसे? दिल्लीच्या नोंदणीवरून एकत्रित आयजीएसटी लागला असता. कुठल्याही हिशेबनीसाने पाच मिनिटांत सांगितलं असतं. ही पावती दाखवली असती तर पुढचे १,०६,२०० रुपये वाचले असते. हे आजही घशाखाली उतरत नाही. पण पावती फोनवर आली संध्याकाळी आणि लगेच वरून फोन: "काका, आज सहापर्यंत डिपॉझिट भरलं नाही तर नंबर वेटिंगवाल्याला जाईल." विचार करायला वेळ मिळू नये यासाठीच तर ही घाई असते. सरकारी कामात संध्याकाळी सहाची मुदत फोनवरून कुणी देत नाही. जी काही मुदत असेल ती टेंडरच्या कागदावर छापलेली असते.

दुसरी खूण तर आपल्या धंद्यातलीच. पत्रात लिहिलं होतं की सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, प्रवासी बसतात तिथे, कारागिराने चप्पल बांधून दाखवायची. म्हणजे रापी आणि आरी घेऊन बसायचं! प्रवाशाच्या बॅगेतली छोटी कात्री जिथे काढून घेतात तिथे चामडं कापायची रापी? कामाचं धारदार हत्यार आत न्यायचं तर वेगळी परवानगी, मोजणी, नोंद सगळं लागतं. पत्रात त्याचा शब्दही नव्हता.

पासाचंही तसंच. विमानतळाच्या आत काम करायचा पास आधारचा फोटो आणि १,७७० रुपये व्हॉट्सॲपवर पाठवून मिळत नाही. तो नागरी उड्डाण सुरक्षा ब्युरोच्या पद्धतीने निघतो. ज्या संस्थेला जागा मिळाली तिच्यामार्फत अर्ज जातो, पोलीस पडताळणी होते, सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, बोटांचे ठसे घेतात. जागेचा करार होण्याआधी पास ही उलटी गंगा झाली.

प्राधिकरणाच्या व्यावसायिक जागेचं खरं टेंडर कसं असतं ते सांगतो, म्हणजे खोटं लगेच ओळखू येईल. सूचना प्राधिकरणाच्या वेबसाइटवर आणि केंद्र सरकारच्या ई-टेंडर पोर्टलवर निघते, तिला क्रमांक असतो. क्रमांक पोर्टलवर टाकला आणि काही आलं नाही तर विषय संपला. बोली भरायला क्लास ३ ची डिजिटल सही लागते. त्यासाठी अधिकृत एजन्सीकडून यूएसबी टोकन घ्यावं लागतं. तांत्रिक लिफाफा वेगळा, दराचा वेगळा. बयाणा टेंडरमध्ये छापलेल्या मार्गानेच भरायचा आणि बोली लागली नाही तर तो परत येतो. बोली लागली तर इरादापत्र, मग सुरक्षा अनामत, मग करार, मग जागेचा ताबा. या क्रमात "नोंदणी फी" नावाची पायरीच नाही. पत्रव्यवहार एएआय डॉट एअरो या पत्त्यावरून होतो. आम्हाला आलेल्या पत्त्यात हीच अक्षरं होती, पण शेवटी डॉट कॉम.

'अवसर'साठी टेंडर भरायची गरज नाही, गटामार्फत थेट त्या विमानतळाच्या संचालक कार्यालयात अर्ज द्या. बचत गट असाल तर तालुक्याच्या 'उमेद' (बचत गटांचं सरकारी अभियान) कक्षातून पत्र न्या. दलाल मध्ये कुठेच लागत नाही. उद्यम नोंदणीलाही एक रुपया लागत नाही, तिच्यासाठी पैसे मागणारी साइट बनावट समजा.

"सूक्ष्म उद्योगाला बयाणा माफ असतो, पण तुम्ही फी भरून ठेवा, नंतर परत मिळेल" अशीही थाप होती. २०१२ च्या खरेदी धोरणातली सूट सरकार जे विकत घेतं त्यासाठी आहे. जागा परवान्याने देणं ही खरेदी नाही. टेंडरमध्ये सूट लिहिली असेल तरच ती मिळते. आणि टेंडरच्या स्टॉलला किमान मासिक हमी असते. एक जोड विकला नाही तरी ती भरावी लागते, विक्रीतला ठरलेला हिस्सा हमीपेक्षा जास्त झाला तर तो हिस्सा, वर वीज आणि देखभाल वेगळी. चार घरांच्या गटाला हे झेपत नसेल तर ज्यांची दुकानं आत आहेत त्यांना माल घाऊक विका, पण विकत द्या. विकला तर पैसे, या बोलीवर ठेवू नका.

पैसे गेल्यावर जे झालं त्याचा राग वेगळाच आहे. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "तुम्हीच पाठवलेत ना?" दुसरं: "हे व्यवहाराचं प्रकरण आहे, कोर्टात जा." तिसरं: "खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, आमची हद्द नाही." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) फसवणुकीसाठीच आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. हे ठाण्यात त्यांना आम्ही वाचून दाखवायचं? सायबर शाखेने ठाण्याकडे पाठवलं, ठाण्याने सायबरकडे. बँकेत म्हणाले, व्यवहार तुमच्या मंजुरीने झाला, आम्ही जबाबदार नाही. ज्या चालू खात्यात पैसे गेले ते विमानतळाशी मिळत्याजुळत्या नावाने उघडलं होतं. त्याची कागदपत्रं बघून खातं उघडून देणाऱ्या बँकेला कुणीच काही विचारत नाही! ज्याच्या नावाने फसवलं त्या कार्यालयाला मेल केला तर उत्तर आलं, "सदर पत्र आमच्या कार्यालयाचे नाही." अहो, ते आम्हालाही कळलंय. तुमच्या नावाचा शिक्का वापरून लोक लुटतायत, तुम्ही स्वतः तक्रार का देत नाही? वेबसाइटच्या कोपऱ्यात सावधगिरीची एक ओळ टाकली की काम झालं?

एकच गोष्ट उपयोगी पडली. शेवटच्या हप्त्यानंतर संशय आला आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यामुळे ३५,४०० रुपये समोरच्या खात्यात गोठले. बाकीचे आधीच काढून नेलेले. म्हणून आधी ठाण्यात धावू नका, आधी १९३०. हातात यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), वेळ, रक्कम आणि समोरचा खाते क्रमांक ठेवा. फोनवर तक्रार झाली की सायबर क्राइम पोर्टलवरची नोंद पूर्ण करा, पोचक्रमांक लिहून ठेवा. गोठलेली रक्कमही आपोआप परत येत नाही. आम्ही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केलाय. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, तरी हलले नाहीत तर न्यायालयात. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तोंडी काही करू नका, शिक्क्याची पोच घ्या.

अजून पैसे गेले नसतील आणि फक्त फोन आला असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षु'मध्ये तो नंबर टाका. आणि ज्यांचे फक्त २,३६० रुपये गेलेत त्यांनीही तक्रार नोंदवा. रक्कम लहान म्हणून सोडू नका. एकाच खात्यावर वेगवेगळ्या जिल्ह्यांतून तक्रारी जमल्या तरच "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे" हे पोलिसांचं उत्तर टिकणार नाही.