.४५-७० रायफलसाठी काडतुसे : तीन हंगामांच्या वापरानंतर

माझ्याकडची .४५-७० रायफल मार्लिन १८९५ एसबीएल आहे : १९ इंची नळी, सव्वासात पौंडांच्या आसपास वजन आणि नळीखालच्या मॅगझिनमध्ये सहा काडतुसांची जागा. रायफल कोणती घ्यावी याचा निर्णय मला फारसा जड गेला नाही. तिच्यात काय भरावे, या प्रश्नाने मात्र तीन हंगाम घेतले. त्या तीन हंगामांत तीन प्रकारची काडतुसे वापरून जे मत बनले ते इथे मांडतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१मधील दुरुस्तीने शिकार बंद झाल्यामुळे ही माहिती आपल्याला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळत नाही, आणि अमेरिकेत येऊन शिकारीचा परवाना काढणाऱ्या मराठी माणसाला ती दुकानदाराच्या तोंडून किंवा खोक्यावरच्या मजकुरातून गोळा करावी लागते.

मी ओहायोच्या आग्नेय भागातल्या डोंगराळ जंगलात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करतो. या राज्यात पूर्वी हरणासाठी मुख्यतः शॉटगनचा वापर होई. २०१४पासून सरळ पुंगळीच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली. सरळ पुंगळी म्हणजे जिला बाटलीसारखी निमुळती मान नसते, बुडापासून तोंडापर्यंत जी जवळपास एकाच जाडीची असते अशी पितळी पुंगळी. अशा काडतुसाची जड, बोथट गोळी बाटलीमानेच्या काडतुसाच्या गोळीइतकी लांब जात नाही, म्हणून वस्तीच्या प्रदेशात ती अधिक सुरक्षित मानली जाते. .४५-७० हे त्या कुळातले जुने आणि प्रतिष्ठित काडतूस. अमेरिकन सैन्याने ते १८७३मध्ये स्प्रिंगफील्डच्या ‘ट्रॅपडोअर’ रायफलीबरोबर स्वीकारले. नावातला ४५ हा आकडा गोळीच्या व्यासाचा (इंचाच्या शतांशांत) आणि ७० हा काळ्या दारूच्या ग्रेनमधल्या वजनाचा; ग्रेन हे दारू-गोळीचे छोटे वजनमाप. गोळी होती ४०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम शिशाची.

निवडीचा पहिला नियम मॅगझिनच ठरवते, आणि तो नीट समजून घेण्यासाठी मी दोन काडतुसे स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकामागे एक आडवी ठेवून पाहिली. लिव्हर-अ‍ॅक्शन, म्हणजे चापाभोवतीचा दांडा ओढून पुढचे काडतूस चढवणाऱ्या, रायफलीच्या नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसे अशीच एका रांगेत बसतात. मागच्या काडतुसाच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेले असते आणि त्या बुडाच्या बरोबर मधोमध प्रायमरची, म्हणजे घाव बसताच पेट घेऊन दारू पेटवणारी, छोटी चकती असते. स्प्रिंग त्या सगळ्यांना सतत एकमेकांवर दाबत राहते. अशा रांगेत टोकदार धातूची गोळी असेल, तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने तिचे टोक पुढच्या प्रायमरवर आपटून मॅगझिनमध्येच काडतूस पेटू शकते. म्हणून या रायफलींसाठी पिढ्यान्‌पिढ्या सपाट नाकाच्या गोळ्या बनत आल्या. ओहायोत हरणाच्या शिकारीला चेंबर (नळीच्या बुडाशी बार उडतो ती जागा) आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसे भरता येतात. पण तीन भरली तरी मॅगझिनमध्ये दोन उरतात आणि धोक्याला दोन पुरेशी असतात.

सपाट नाकाची किंमत हवेत मोजावी लागते. अशी गोळी वेग लवकर गमावते आणि झपाट्याने खाली येते. हॉर्नडी कंपनीचे लिव्हरेव्होल्यूशन काडतूस या अडचणीवरचा उपाय म्हणून आले. त्याच्या ३२५ ग्रेनच्या गोळीला लाल रंगाचे, रबरासारखे लवचीक टोक आहे. नखाने दाबले तर ते किंचित दबते आणि सोडले की पूर्ववत होते. प्रायमरवर टेकून ते घाव घालू शकत नाही, आणि हवेत मात्र टोकदार गोळीचे काम करते. कंपनीच्या २४ इंची चाचणी-नळीतून या गोळीचा वेग सेकंदाला २,०५० फूट आहे. १०० यार्डांवर तीन इंच वर नेम जुळवला तर २०० यार्डांवर ती सुमारे चार इंच खाली लागते. याउलट रेमिंग्टनच्या ४०५ ग्रेन सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ शिशाच्या नाकाच्या, गोळीचा वेग १,३३० फूट आहे आणि १०० यार्डांवर नेम जुळवल्यास २०० यार्डांवर ती सुमारे दोन फूट खाली येते. हे सगळे आकडे लांब नळीचे असल्यामुळे माझ्या १९ इंची नळीतून प्रत्यक्ष वेग काहीसा कमीच मिळणार, हे धरूनच चालावे.

केवळ हे आकडे पाहिले तर निकाल लागलेलाच वाटतो, आणि पहिल्या हंगामात मलाही तसेच वाटले होते. लिव्हरेव्होल्यूशनने माझ्या रायफलीतून १०० यार्डांवर तीन गोळ्यांचा झुबका दीड-पावणेदोन इंचात दिला, भरताना किंवा लिव्हर ओढताना एकदाही अडकले नाही, आणि मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला सुमारे १४० यार्डांवर उभी असलेली मादी तीस-चाळीस पावलांत कोसळली. शेताच्या कडेला बसणाऱ्या शिकाऱ्याला मी हे काडतूस निःशंक मनाने सुचवीन. एक बाब मात्र घेण्याआधी माहीत असावी : लांब नाकाची गोळी बसवूनही काडतुसाची एकूण लांबी रायफलीला चालेल इतकी राहावी म्हणून या काडतुसाची पुंगळी नेहमीच्या २.१०५ इंचांऐवजी २.०४० इंच ठेवलेली असते. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांनी त्या इतर पुंगळ्यांत मिसळू नयेत.

दुसऱ्या हंगामात मी हव्यासाला बळी पडलो. एका लहान कंपनीची, अस्वलापासून संरक्षणासाठी म्हणून विकली जाणारी, कडक शिशाच्या मिश्रधातूची जड काडतुसे घेतली; खोक्यावरचा ऊर्जेचा आकडा पाहून मन मोहरले होते. गोळीचे वजन आणि वेग यांचा गुणाकार केला तर धक्क्याचा साधा अंदाज येतो. रेमिंग्टनच्या ४०५ ग्रेन काडतुसाचा गुणाकार १०० मानला तर लिव्हरेव्होल्यूशनचा सुमारे १२४ येतो आणि या जड काडतुसांचा दीडशेच्या पुढे गेला. सव्वासात पौंडांच्या रायफलीत हा फरक कागदावर राहत नाही. रेंजवर पाचव्या बारानंतर चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटू लागले होते. मॅगझिनमधून काढलेले शेवटचे काडतूस कॅलिपरने मोजले तर धक्क्यांनी त्याची गोळी पुंगळीत जाडसर नखाएवढी आत सरकलेली दिसली, कारण पुंगळीचे तोंड गोळीवर पुरेसे घट्ट आवळलेले नव्हते. तेव्हाच थांबायला हवे होते. थांबलो नाही, आणि डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी पन्नास यार्डांवरच्या नराला गोळी हवी होती त्यापेक्षा चार बोटे मागे लागली. गोळी न फुलता, म्हणजे तिचे नाक न पसरता, आरपार गेली. कडक गोळी मोठ्या जनावराची जाड हाडे फोडण्यासाठी घडवलेली असते. हरणाच्या बरगड्या तिला फुलायला पुरेसा अडथळाच करत नाहीत, म्हणून आत जखम अरुंद राहते आणि बाहेर रक्तही कमी पडते. शेजारचे वयस्कर शिकारी बॅटरी घेऊन मदतीला आले. पाचोळ्यावरचे एकेक थेंब शोधत माग काढायला आम्हाला दोन तास लागले आणि ओढ्याकाठी तो नर सापडला. त्या दोन तासांत त्या जनावराने जे सोसले त्याची जबाबदारी माझी होती, आणि हे सगळे लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे.

तिसऱ्या हंगामात मी रेमिंग्टनच्या संथ ४०५ ग्रेन काडतुसाकडे आलो आणि आता तिथेच स्थिरावलो आहे. माझे मचाण ओक वृक्षांच्या उतारावर आहे. तिथून सर्वांत लांब मोकळी जागा ८० यार्डांची. एवढ्या अंतरात गोळी किती खाली येते हा प्रश्नच उरत नाही. गोळीचे मऊ शिशाचे नाक कमी वेगातही उमलते, तिचे वजन तिला पलीकडे नेते, आणि खांद्याला बसणारा धक्का रेटल्यासारखा असतो, फटका मारल्यासारखा नसतो. सकाळी वीस बार टाकून मी दुपारी घरी ताठ मानेने बसून जेवू शकतो, आणि म्हणूनच मी सराव करतो. त्या हंगामातली दोन्ही जनावरे एकेका गोळीत पडली. मांसही कमी वाया गेले. जखमेभोवतीचा वितभर भाग शिशाच्या कणांच्या शंकेने मी तरीही काढून टाकतो, कारण त्या मांसाचा रस्सा घरातली मुले खातात. शिसे पूर्णपणे टाळायचे असेल तर हॉर्नडीचीच २५० ग्रेनची तांब्याच्या मिश्रधातूची मोनोफ्लेक्स गोळी उपलब्ध आहे, आणि कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाची गोळी वापरताच येत नाही.

जुनी रायफल वारशाने किंवा लिलावात मिळालेल्यांनी एका गोष्टीत कोणतीही सवलत घेऊ नये. १८७३ची ट्रॅपडोअर, १८८६ची विंचेस्टर आणि आजची मार्लिन या तिन्हींत .४५-७० हेच काडतूस बसत असले, तरी त्यांची ताकद एक नाही. उद्योगाच्या मानकानुसार या काडतुसाचा कमाल दाब २८,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. काही कंपन्या आधुनिक रायफलींसाठी त्याहून जास्त दाबाची काडतुसे बनवतात आणि तशी सूचना खोक्यावर छापतात. ती सूचना न वाचता असे काडतूस ट्रॅपडोअरमध्ये घातले तर रायफल फुटू शकते, आणि ती फुटते तेव्हा तुमचा गाल तिच्या दस्त्याला टेकलेला असतो.

काडतूस बदलले की नेम पुन्हा जुळवावाच लागतो. माझ्या रायफलीत लिव्हरेव्होल्यूशनसाठी जुळवलेल्या दुर्बिणीतून ४०५ ग्रेनची गोळी १०० यार्डांवर सुमारे सात इंच खाली लागली. म्हणून या वर्षी मी एकाच लॉट क्रमांकाचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेले, चार खोके एकदम घेतले : दोन सरावाला, एक नेम जुळवायला, आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी सुरू होणाऱ्या हंगामासाठी एक. एका काडतुसाला दोन डॉलरपेक्षा जास्त पडतात, तरी सरावाचे दोन खोके मी कमी करणार नाही.