मेमटेस्ट८६+ : रॅम चुकते का ते सांगतो, कोणामुळे चुकते ते नाही

नवा पीसी असेंबल केला, विंडोज चढवलं, आणि दोन दिवसांत निळा स्क्रीन. एकदा त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, एकदा आणखी तिसरंच काहीतरी. दर वेळी कारण वेगळं दिसतंय म्हणजे संशय रॅमवर घ्यावा. याहून पक्की खूण मोठ्या झिप फाइलची. तीच फाइल एकदा उघडताना सीआरसी एरर (म्हणजे डेटा बिघडल्याची तक्रार) देते आणि पुढच्या वेळी निमूट उघडते. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकण्यात रविवार घालवू नये. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्यावा, त्यावरून पीसी बूट करावा आणि रात्रभर चालू ठेवावा.

आधी नावाचा घोळ. मेमटेस्ट८६ आणि मेमटेस्ट८६+ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ प्रोग्राम १९९४ चा. ‘+’ वाली शाखा २००४ मध्ये फुटली. ती मुक्तस्रोत आणि पूर्ण फुकट आहे. बिनप्लसवाला २०१३ पासून पासमार्क कंपनीकडे आहे. त्याची फुकट आवृत्ती चार पासनंतर (पास म्हणजे सगळ्या चाचण्यांची एक फेरी) थांबते, पण ती सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले प्रोग्राम बूट होऊ न देणारं कुलूप, चालू असतानाही बूट होते. ही सोय लहान नाही. ‘+’ साठी बहुतेक मदरबोर्डांवर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद करावं लागतं. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या या एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या बूटला विंडोज तीच मागत बसेल.

आवृत्ती मात्र नवीच घ्या. जुन्या व्हिडिओंमधून अजून फिरणारी ५.०१ ही २०१३ ची आहे. ती यूईएफआय मोडमध्ये, म्हणजे नव्या बोर्डांच्या बूट पद्धतीत, चालतच नाही. ऑक्टोबर २०२२ च्या ६.०० पासून प्रोग्राम नव्याने लिहिला गेला आणि यूईएफआय, डीडीआर५ रॅम वगैरे नीट ओळखू लागला. साइटवर पेनड्राइव्ह बनवून देणारा विंडोजचा छोटा इन्स्टॉलरही मिळतो. सगळ्यात लहान पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटोसुद्धा.

बूट झाल्यावर टेस्ट आपोआप सुरू होते. एफ१ दाबलं की सेटिंग उघडतात, एस्केपने बाहेर पडून मशीन रीस्टार्ट होतं. बाकी काही शिकायचं नाही. पहिला पास मुद्दाम छोटा ठेवलेला असतो, त्यामुळे तो हिरवा आला म्हणून पेढे वाटू नका. किमान चार पास होऊ द्या. १६ किंवा ३२ जीबीला एका पासला प्रोसेसरनुसार अर्ध्या तासापासून दोन-अडीच तास लागतात, म्हणजे काम रात्रीचंच. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार. बुधवारी रात्री लावलेली टेस्ट सकाळी लाइट गेल्यावर अर्धवट राहते आणि निकाल कुठेही सेव्ह झालेला नसतो. शुक्रवारी रात्री लावा.

किती एरर चालतात? एकही नाही. ‘हजारांत एखादी चालायचीच’ हे दुकानातल्या काउंटरवर ऐकू येणारं वाक्य साफ चूक आहे.

आता या प्रोग्रामची खरी मर्यादा. लाल ओळीत चुकलेला पत्ता, अपेक्षित आकडा आणि सापडलेला आकडा दिसतो, पण रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी दोषी कोणती हे त्या पत्त्यावरून सांगता येत नाही. ड्युअल चॅनलमध्ये डेटा दोन्ही पट्ट्यांवर आलटून पालटून लिहिला जातो. शिवाय दोष पट्टीतच असेल असंही नाही. स्लॉट, बोर्ड, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर किंवा नुसतं बायोसचं सेटिंग, यांतलं काहीही असू शकतं. चोर कोण हे क्रमाने वगळत गेल्यावरच कळतं, आणि तो क्रम हा प्रोग्राम तुम्हाला शिकवत नाही.

पहिलं पाऊल पट्टी काढण्याचं नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं प्रोफाइल, एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो) बंद करून टेस्ट पुन्हा लावा. खोक्यावर छापलेला ३२०० किंवा ६००० हा वेग बहुतेक वेळा या प्रोफाइलचाच असतो, आणि तांत्रिकदृष्ट्या ते ओव्हरक्लॉकिंगच आहे. प्रोफाइलशिवाय डीडीआर४ बहुधा २१३३ ते २६६६ वर आणि १.२ व्होल्टवर चालते, प्रोफाइल लावलं की १.३५ वर. डीफॉल्टवर चार पास स्वच्छ आणि एक्सएमपीवर एरर, असं असेल तर पट्टी मेलेली नाही. बायोस अपडेट करा, बोर्डाच्या क्यूव्हीएल यादीत (कंपनीने त्या बोर्डावर तपासलेल्या रॅमच्या यादीत) त्या रॅमचा पूर्ण मॉडेल नंबर आहे का बघा, वेग एक पायरी खाली घ्या. चार पट्ट्या लावल्या असतील तर अपेक्षाच कमी ठेवा. रायझन ७००० ला एएमडी दोन पट्ट्यांवर ५२०० चा अधिकृत वेग देते, पण चारांवर फक्त ३६००. ‘१६ च्या दोन आत्ता, दोन पुढच्या दिवाळीत’ हा बेत डीडीआर५ वर इथेच फसतो.

डीफॉल्टवरही एरर आल्या तर पेचकस काढा. पॉवर सप्लायचं बटण बंद, वायर बाहेर, कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच पट्टीला. पावसाळ्यात स्टॅटिकचा त्रास कमी, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत जास्त. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, म्हणजे ए२ आणि बी२, हे योग्य स्लॉट. पहिली पट्टी एकटी ए२ मध्ये, टेस्ट. मग दुसरी एकटी त्याच ए२ मध्ये, टेस्ट. एरर पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. दोन्ही ए२ मध्ये स्वच्छ असतील तर त्यातली एक बी२ मध्ये लावून बघा. तीच चांगली पट्टी तिथे चुकली तर संशय स्लॉटवर, आणि त्याहून जास्त प्रोसेसरच्या बसण्यावर. एका बाजूने करकचून आवळलेला कूलर किंवा सॉकेटमधली वाकलेली पिन अख्खा मेमरी चॅनल बंद पाडू शकते. कूलरचे स्क्रू सैल करून, समोरासमोरचे थोडे थोडे असे परत आवळा.

सोनेरी दाते खोडरबरने घासायचा उपाय दुरुस्तीवाले सर्रास करतात. कधी चालतोही, पण मुलामा झिजतो आणि चुरा स्लॉटमध्ये पडतो. खोडरबर अप्पा बळवंत चौकात, वह्या-पुस्तकांच्या दुकानांतच राहू दे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं फडकं पुरे.

डिस्प्लेच येत नसेल तर मेमटेस्टचा उपयोग शून्य, कारण तो बूट होण्यासाठी पीसी आधी पोस्ट व्हावा लागतो, म्हणजे सुरू होतानाची स्वतःची तपासणी पार करावी लागते. तेव्हा बोर्डावरचा डीरॅमचा (म्हणजे रॅमचा) दिवा बघायचा. डीडीआर५ पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंग करते. स्क्रीन कित्येक मिनिटं काळा राहतो, आणि घाबरून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. पंधरा मिनिटं थांबा. तरी काही नाही, तर पट्टी अर्धवट बसली असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. एकाच बाजूला खटका असलेल्या बोर्डांवर दुसरी बाजू वर राहून जाते आणि वरून कळत नाही. त्यानंतर सीमॉस क्लिअर, म्हणजे बायोसचं सेटिंग पुसणं: बोर्डावरचा जम्पर, नाहीतर सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून ठेवा. सेल जुना असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत नवा सहज मिळतो. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये जातच नाही. पिना दोन्हीकडे २८८, पण खाच वेगळ्या जागी. जोर लावू नका.

विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नॉस्टिक पेनड्राइव्ह नसेल तेव्हा ठीक. एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा, नुसत्या ‘स्टँडर्ड’वर विसंबू नका. त्याने एरर दाखवली तर ती खरी माना. नाही दाखवली तर त्यावरून काहीच ठरवू नका. मेमटेस्ट८६+ चंही थोडं तसंच आहे. ग्राफिक्स कार्ड तापलेलं नसताना, रात्रीच्या गार खोलीत तो पास होतो आणि एप्रिलच्या दुपारी गेममध्ये पीसी कोसळतो. म्हणून त्याच्या जोडीला विंडोजमध्ये ओसीसीटी या ताण देऊन तपासणाऱ्या प्रोग्रामची मेमरी टेस्ट तासभर, शक्यतो दुपारी, लावाच. हे धरून मेमटेस्ट८६+ ला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण सिक्युअर बूटच्या कटकटीचा कापला.

पट्टी परत करायची वेळ आली तर लाल स्क्रीनचे दोन फोटो घ्या, एक्सएमपी बंद असतानाचे आणि एकच पट्टी लावलेली असतानाचे, म्हणजे ‘तुमच्या सेटिंगमुळे’ म्हणायला जागा राहत नाही. बिल, खोकं आणि किटमधल्या दोन्ही पट्ट्या न्या, कारण किट बहुधा जोडीनेच बदलून मिळतं. पट्टीवरचा स्टिकर सोलू नका. नवी जोडी आली की पुन्हा चार पास. सगळं झाल्यावर सिक्युअर बूट परत चालू करा. नाहीतर विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम उघडणार नाही आणि आळ पुन्हा रॅमवर येईल.