ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी: ‘अलूफ’ या नोंदीच्या निमित्ताने

डग्लस हार्पर या अमेरिकी संपादकाने उभारलेला हा इंग्रजी व्युत्पत्तिकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. तो कसा आहे असे कोणी विचारले, तर मी ‘अलूफ’ ही नोंद उघडायला सांगेन, कारण कोशाचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही तिथे एकत्र सापडतात.

माणसांपासून मनाने अंतर राखणाऱ्या, काहीशा तुटक वाटणाऱ्या व्यक्तीला आज हे विशेषण लावतात. नोंद मात्र वाचकाला थेट शिडाच्या जहाजावर नेते. १५३० च्या दशकापासून लेखी आढळणारा हा शब्द मूळचा नाविकांचा असून, जहाजाचे तोंड वाऱ्याकडे ठेवण्याची ती आज्ञा होती. त्यातील ‘लूफ’ हा अंश जहाजाच्या वाऱ्याकडील बाजूसाठी असलेल्या डच शब्दावरून बहुधा आला असावा, असे कोश सांगतो, आणि हा ‘बहुधा’ न गाळण्याची शिस्त मला विशेष मोलाची वाटते.

उणीव आहे ती स्पष्टीकरणाच्या काटकसरीत. वाऱ्याकडे तोंड वळवण्यातून ‘दूर राहणे’ हा अर्थ कसा निघाला, हे कोश अर्ध्या वाक्यात उरकतो, आणि शिडांशी संबंध न आलेला वाचक तिथेच अडतो. वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहत असेल, तर तो जहाजाला सतत किनाऱ्यावरच्या खडकांकडे ढकलत राहतो. अशा वेळी शिडे आवळून जहाजाचे तोंड जमेल तितके वाऱ्याच्या दिशेला धरले, तरच किनारा लांब ठेवता येतो. म्हणजे या अंतरामागे मुळात थंडपणा नव्हे, तर सावधगिरी आणि बरेच श्रम होते. त्याच शतकाच्या अखेरीस ‘अलगपणे, दुरून’ हा लाक्षणिक अर्थ रूढ झाला. आजच्या वापरात डोकावणारी शिष्टपणाची छटा मात्र मुळात शोधू नये.

नोंदीतील वर्ष हे त्या शब्दाच्या उपलब्ध लेखी पुराव्याचे असते, जन्माचे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. बोलण्यात, विशेषतः खलाशांच्या बोलण्यात, शब्द त्याआधीही असू शकतो. जुन्या ग्रंथांतील दाखले कालक्रमाने हवे असतील तर वर्गणी भरून ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाकडेच जावे लागते. भाषांतरकारांना आणि इंग्रजीच्या शिक्षकांना रोजच्या कामासाठी मात्र हार्पर यांचा कोश पुरेसा आहे.