ओव्हुलेशन पट्ट्या आणि बेसल थर्मामीटर : जळगावात आठ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारी ते सप्टेंबर, म्हणजे खान्देशचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही यात आले. स्त्रीबीज सुटण्याआधी (म्हणजे ओव्हुलेशनआधी) अंगात एलएच हे संप्रेरक वाढतं, ते या पट्ट्या दाखवतात. पट्ट्या साध्या, लघवीत बुडवायच्या, 25 एमआययूच्या, म्हणजे एलएच इतकं झालं की कळवणाऱ्या. बेसल थर्मामीटर, म्हणजे झोपेतून उठल्याबरोबर अंगाचं तापमान बघायचा, दोन दशांश दाखवणारा. दोन्ही कामाचे आहेत. पण पाकिटावर '2 ते 30 अंशांत ठेवा' असं लिहिलेलं असतं, आणि एप्रिल-मेत ते इथल्या कुठल्याच कपाटात जमत नाही.

पारा 44 वर गेला की पत्र्याच्या घरातलं कपाट आतून तापतं. पट्टीवरचा रासायनिक थर उष्णतेने खराब होतो आणि कंट्रोलची, म्हणजे पट्टी चालू असल्याचं सांगणारी, रेघच उमटत नाही. तशी पट्टी बाद धरायची, तिला 'निगेटिव्ह' समजायचं नाही. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा आणि मगच पाकीट फोडा, नाहीतर गार पट्टीवर ओल धरते.

त्याहून मोठी अडचण पाण्याची. उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच लिटर पाणी पोटात जातं, लघवी पाण्यासारखी होते आणि एलएच वाढलेलं असूनही रेघ फिकट येते. पट्टीसाठी पाणी तोडायचं नाही, इथल्या उन्हात ते जिवावर बेतेल. दुपारी दोन तास पडून उठल्यावर, चारच्या सुमाराची पहिली लघवी घ्या, ती पुरेशी दाट असते. सकाळची पहिली लघवी टाळलेली बरी, कारण एलएच बहुधा पहाटे वाढतं आणि लघवीत उतरायला काही तास लागतात.

पट्टी खुणेपर्यंतच बुडवायची, पाच मिनिटांनी बघायची, दहा मिनिटांनंतर उमटलेलं काही धरायचं नाही. गरोदरपणाच्या पट्टीची सवय असलेल्या बायकांना फिकी दुसरी रेघ म्हणजे 'हो' वाटतं. इथे तसं नाही. एलएच अंगात रोज थोडं असतंच, म्हणून रेघ कंट्रोलइतकी किंवा तिच्याहून गडद हवी.

31 दिवसांच्या एका चक्रातली नोंद बघा. चौदाव्या दिवशी फिकी. पंधराव्याला दुपारी जरा ठळक, संध्याकाळी कंट्रोलच्या बरोबरीची. सोळाव्याला गडद, सतराव्याला पुन्हा फिकी. अंगाचं तापमान सतराव्यापर्यंत 36.35 ते 36.45, मग 36.62, 36.71, 36.74. बरोबरीची रेघ आल्यापासून साधारण 24 ते 36 तासांत स्त्रीबीज सुटतं, त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक अंगाचं तापमान वाढवतं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा ते सलग तीन दिवस वर राहिलं, तरच बीज सुटलं असं म्हणायचं. म्हणजे पट्टी आधी सांगते आणि थर्मामीटर नंतर खात्री देतो. रेघ ठळक व्हायला लागली की दिवसातून दोनदा तपासा, काहींची वाढ बारा तासांतच ओसरते.

दिवस मोजताना एक चूक फार होते. डोक्यावरून पाणी घेतल्यापासून मोजतात आणि तीन दिवस तिथेच चुकतात. रक्तस्राव नीट सुरू झाला तो पहिला दिवस. सर्वांत लहान चक्राच्या दिवसांतून 17 वजा करा, त्या दिवसापासून पट्ट्या सुरू करा. 28 चं चक्र असेल तर अकराव्यापासून.

थर्मामीटर डोळे उघडताच, पाय खाली टेकण्याआधी, जिभेखाली. आधी सलग तीन-चार तास झोप हवी. रात्रीच्या लाइटवर केळीला पाणी द्यायला उठावं लागत असेल, तर त्या दिवसाच्या आकड्यापुढे खूण करा आणि सोडून द्या. गच्चीवरच्या गार पहाटे तोंड उघडं ठेवून झोपलं तरी आकडा खाली येतो.

आखाजीच्या सणाला माहेरी जायचंय किंवा घरी कानबाई देवी बसवायचीय म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या असतील, तर तो महिना वहीतून बाद. ती गोळी प्रोजेस्टेरॉनसारखीच असते, अंगाचं तापमान वाढवते आणि एलएच दाबते. पीसीओएस (अंडाशयाचा, संप्रेरकांच्या बिघाडाचा विकार) असेल तर एलएच मुळातच चढं असू शकतं, मग पट्टी रोज 'हो' म्हणते. तिथे पट्टीवर पैसे घालू नका, सोनोग्राफीने बीजाची वाढ बघून घ्या.

त्याच वहीत चिडचिड, झोप, भूक यांना रोज शून्य ते तीन गुण द्या. त्रास पाळीआधीच्या आठवड्यात वाढून पाळी आल्यावर ओसरतो का, हे दोन चक्रांच्या नोंदीवरून कळतं, आठवणीवरून नाही. काम सुचू नये इतका त्रास असेल तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. 'हिचा स्वभावच असा' म्हणून ते सोडून देऊ नये.

गर्भ टाळायला या पट्ट्या मुळीच वापरू नका. शुक्राणू पाच दिवस जगू शकतात आणि पट्टी जेमतेम दीड दिवस आधी कळवते. गर्भ हवा असेल तर बरोबरीच्या रेघेची वाट न बघता, बुळबुळीत, अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा स्राव दिसला की दिवसाआड संबंध ठेवा.

वर्षभर, आणि वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिने, प्रयत्न करून काही झालं नाही तर दोघांची तपासणी एकदमच करा. बाईलाच वर्षानुवर्षं दवाखाने फिरवणं अन्याय आहे. वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळा. नमुना तासाभरात तपासायला लागतो, म्हणून चोपड्याहून डब्यात घालून जळगावला आणू नका, लॅबमध्येच द्या.